गेममध्ये जात आणू नका म्हणे!

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने दिवाळीनंतर आपलं गेममधलं नाव बदललं. अकरावीला आहे. मोबाईलवर चौघांची टोळी करायची आणि शंभर जणांत शेवटपर्यंत जिवंत राहायचं, असे जे गेम सध्या घरोघरी चालतात, त्यातलाच एक तो खेळतो. आधी त्याच्या नावात 'जयभीम' होतं, पुढे जन्मसालाचे दोन आकडे. एका रात्री गेमने त्याला तीन अनोळखी मुलांच्या टोळीत टाकलं. माईक चालू होते. नाव वाचून एकाने विचारलं, "कौन सी कॅटेगरी?" हा गप्प राहिला. थोड्या वेळाने गोळी लागून हा पडला तेव्हा तिघेही हसले. "यहाँ कोटा नहीं चलता." त्यापुढे जो शब्द आला तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, इथे लिहीत नाही. पडलेल्या साथीदाराला उठवायचं बटण या गेममध्ये असतं. तिघांपैकी कुणीही ते दाबलं नाही.

त्याने तक्रार केली. तक्रारीच्या यादीत फसवणूक होती, शिवीगाळ होती, मुद्दाम हरणं होतं. जातीवरून बोलणं असा पर्याय त्याला सापडला नाही, म्हणून शिवीगाळ निवडलं. उत्तर आलं नाही. मग त्याने नाव बदलायचं कार्ड विकत घेतलं, खाऊच्या पैशातून. आता त्याचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांची कसलाही अर्थ नसलेली एक माळ आहे.

मला हे महिन्याभराने कळलं. कार्यकर्ता जे बोलतो तेच मी बोललो. "तू का बदललंस? लाज त्यांना वाटायला पाहिजे." तो म्हणाला, "दादा, तिथे कुणाला माझी जात दिसत नव्हती. मीच दाखवली ना."

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, जात आणि अदृश्यता यावर दोन तास बोलू शकतो. त्या मुलापुढे एक वाक्य सुचलं नाही. कारण स्टीमवर गेली बारा वर्षं माझं स्वतःचं नाव एका इंग्रजी पक्ष्याचं आहे. त्यातून माझं आडनाव कळत नाही, गाव कळत नाही, भिंतीवर कुणाचा फोटो आहे तेही कळत नाही. ते नाव मी असंच निवडलं होतं.

तर होय, मी गेम खेळतो. छंद म्हणून, नियमाने, वयाच्या पस्तिशीत. चळवळीतल्या एका ज्येष्ठ काकांना हे समजलं तेव्हा ते म्हणाले, "बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचायचे." हे वाक्य कानावर पडलं की आपल्याकडचा कुणीही मान खाली घालतो, मीही घातली. नंतर लक्षात आलं की काकांच्या डोक्यात गेम म्हणजे रमी आहे. त्यात त्यांची चूक नाही. वस्तीतल्या दोन पोरांनी मोबाईलवरच्या पत्त्यांत पगार घालवलेला त्यांनी पाहिलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा वस्तीत पेढे वाटावेत असं मलाही वाटलं होतं. पण तो जुगार. मी बोलतोय ते वेगळं आहे. त्यात गोष्ट असते, चित्र असतं, संगीत असतं, आणि या सगळ्यांच्या वर नियम असतात. काकांना मी एवढंच म्हणालो की तमाशालाही एकेकाळी सभ्य लोक नाकं मुरडायचे. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी त्याच तमाशाचा साचा घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला. काका स्वतः जलशाचे भक्त. काही बोलले नाहीत, चहा मात्र पाजला.

माझी सुरुवात सायबर कॅफेतली. तासाला वीस रुपये, सीपीयू तापून दमट झालेली खोली, आणि पुढे सगळ्यांचा लाडका 'व्हाइस सिटी', अर्थात चोरीचा. कॅफेच्या वहीत पूर्ण नाव लिहावं लागे. मालक वही वाचून आडनावावरून बरंच काही ओळखणारा होता. मी फक्त पहिलं नाव लिहायचो. मग 'सॅन अँड्रिआस' आला. २००४ चा गेम, आमच्यापर्यंत पोहोचायला वर्षभर लागलं असेल. त्याचा नायक सीजे काळा. आई मेली म्हणून तो घरी परततो आणि विमानतळावरून निघतो न निघतो तोच पोलीस त्याला अडवतात. शेवटी शहरात दंगल पेटते, ती १९९२ च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीवर बेतलेली आहे. हे आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आम्ही सायकल पळवायचो आणि ट्रेनच्या मागे लागायचो. पुढे एम.ए.ला असताना ब्लॅक पँथरवर वाचलं, १९७२ ची आपली दलित पँथर कुणाचं नाव घेऊन उभी राहिली ते वाचलं, तेव्हा एकदम आठवलं की आपण शाळेत असताना पन्नास-साठ तास एका काळ्या मुलाच्या अंगात शिरून चाललोय आणि पोलिसाची गाडी दिसली की आपला अंगठा आपोआप दचकायचा.

गेमबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते इथून सुरू होतं. गोष्ट काय सांगते ते नंतर. आधी बघायचं, गेम आपल्या हाताला काय करायला लावतो.

'किंगडम कम: डिलिव्हरन्स' हा २०१८ चा चेक गेम घ्या. काळ १४०३, जागा बोहेमिया. नायक हेन्री हा लोहाराचा मुलगा. त्याला वाचता येत नाही. हे गेम सांगत बसत नाही. तुम्ही पुस्तक उघडता आणि पानावर अक्षरांचा कालवा दिसतो. शब्द आहेत, पण आतली अक्षरं उलटीपालटी. मला वाटलं गेम बिघडला. मग कळलं, बिघडलेलं काही नाही, मी निरक्षर आहे. एका गावातल्या लेखनिकाकडे जाऊन काही दिवस घालवून शिकावं लागतं, आणि शिकल्यावरही लगेच सगळं वाचता येत नाही. जसजसा सराव वाढतो तसतशी अक्षरं आपापल्या जागी येतात. पहिला पूर्ण शब्द डोळ्यांपुढे लागला तेव्हा मी खुर्चीत हललो. माझ्या आजीला सत्तरीत सही शिकवली होती. ती अंगठ्याकडे आणि पेनाकडे आळीपाळीने बघायची. त्या पडद्यावर जे दिसलं ते तिच्या डोळ्यांना आयुष्यभर दिसत असणार, हे मला कुठल्याही पुस्तकाने असं दाखवलं नव्हतं. फुल्यांवर मी भाषणं केली आहेत, हे मुद्दाम सांगतो.

याच गेममध्ये तुमचे कपडे मळलेले किंवा रक्ताने माखलेले असतील तर लोक तुमचं ऐकत नाहीत. अंघोळ करून चांगला अंगरखा घातला की तोच माणूस, तेच वाक्य, आणि काम होतं. पेहराव आणि प्रतिष्ठा यांचं नातं आपल्याला शिकवायला नको. बाबासाहेबांचा सूट हा काय नुसता सूट होता?

पण गंमत बघा. एवढा नियम मांडणाऱ्या गेमने गोष्टीत मात्र माती खाल्ली. पुढे कळतं की हेन्री लोहाराचा नाहीच, तो एका सरदाराचा मुलगा. झालं! तलवार का जमली, धाडस कुठून आलं, सगळ्याचं उत्तर रक्तात. आपल्याकडे सूतपुत्र कर्णाचं शौर्य पचवायला सूर्याचं पितृत्व लागलं, तिकडे लोहाराच्या पोराला सरदाराचं. दुसरा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. माझं मशीन जुनं, १६५० चं सेकंडहँड कार्ड, त्यावर तो रडतखडत चालतो. त्यामुळे त्याच्याबद्दल निवांत कधीतरी. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तो यायच्या आधीच इंटरनेटवर एका टोळक्याने आरडाओरडा सुरू केला होता, कारण त्यात मालीहून आलेला मुसा नावाचा एक काळा विद्वान आहे. महिन्याभराने 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' आला, त्यातल्या यासुकेवरून तेच. यासुके सोळाव्या शतकात ओडा नोबुनागाच्या पदरी असलेला खराखुरा आफ्रिकी माणूस. तरी म्हणे इतिहासाची मोडतोड. आणि वाक्य कुठलं? गेममध्ये राजकारण आणू नका. हे वाक्य मी इंग्रजीत वाचत होतो आणि कानात मराठीत ऐकू येत होतं, प्रत्येक गोष्टीत जात आणू नका. आणणारे नेहमी आपणच. 'कॅटेगरी' विचारणारा तो मुलगा काही आणत नसतो, तो नुसता खेळत असतो.

गेल्या वर्षी मला सगळ्यात जास्त जागवलं ते 'सिल्कसाँग'ने. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या टीम चेरी या मूठभर लोकांनी केलेला हा गेम. २०१९ मध्ये घोषणा, ४ सप्टेंबर २०२५ ला बाहेर, आणि पहिल्याच तासात जगभरची ऑनलाईन दुकानं कोलमडली. किंमत मोठ्या गेमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, माझ्या कार्डवर लोण्यासारखा चालतो, आणि अवघड इतका की एका शत्रूपुढे मी रात्री अकरा ते दोन मरत होतो.

सगळी पात्रं किडे आहेत. फारलूम नावाच्या राज्यात डोंगराच्या टोकावर एक पवित्र नगरी आहे आणि पायथ्यापासून यात्रेकरू किड्यांची रीघ तिकडे निघालेली असते. वर पोहोचलो की उद्धार. तुम्ही हॉर्नेट, तुम्हाला पकडून आणलेलं आहे, तुम्हीही वरच निघालात. आता नियम बघा. या राज्यात चलन म्हणजे जपमाळेचे मणी. यात्रेकरू वाटेत मरून पडतात, त्यांच्याकडून मणी मिळतात. बसायला बाक हवा, मणी टाका. प्रवासाचं ठाणं उघडायचंय, मणी टाका. मेलात तर सुटे मणी सांडतात, ते वाचवायला माळ ओवून घ्या, तर ओवणारं यंत्रही त्यातले काही ठेवून घेतं. वरच्या नगरीत संगमरवर, सोनं, घंटा. आणि तिच्या पोटात, खाली, कामाचे कारखाने. तिथल्या एका बाकावर दर वेळी बसताना पैसे पडतात. एकदा भरले म्हणजे झालं असं नाही. कामगाराच्या टेकण्याचंही भाडं.

मी नाशिकचा. २०२६-२७ च्या सिंहस्थाची तयारी माझ्या घराबाहेर चालू आहे. रस्ते, घाट, साधुग्राम. त्या बाकावर हॉर्नेटला बसवताना मला ही नगरी फार परदेशी वाटली नाही. यात्रा संपल्यावर गोदाकाठ कोण झाडतं हे इथल्या कुठल्याही मुलाला विचारा. आणि बंद दारापुढे उभी राहिलेली माणसं म्हटलं की या गावात काळाराम आठवतो, १९३०. तिथे आपले लोक वर्षानुवर्षं उभे राहिले, आणि मग १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी ते दारच सोडून दिलं. 'सिल्कसाँग'मध्ये वर पोहोचल्यावर काय सापडतं ते फोडत नाही. एवढंच सांगतो की यात्रेकरूंना जे सांगितलं होतं ते तिथे नसतं. करणाऱ्यांनी ना आंबेडकर वाचलाय ना फुले, असावा असा कुठला पुरावाही नाही. पण पुरोहितशाही ही खर्चाच्या नोंदीतून कळते, हे त्यांना नेमकं कळलंय. गोष्ट सांगायच्या आधी त्यांनी आपल्या खिशात हात घातला.

आता घराजवळ येऊ, पुण्यात. 'राजी: अॅन एन्शंट एपिक', २०२०, नॉडिंग हेड्स गेम्स. मी तो आल्या आल्या घेतला आणि पुन्हा या दिवाळीत खेळलो. आधी चांगलं बोलतो, कारण ते बोललंच पाहिजे. एका छोट्या चमूने, लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही, हा गेम पूर्ण केला. पहाडी चित्रशैलीचे रंग, बालीच्या छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, राजस्थानी महाल. आणि नायिका सर्कशीत कसरती करणारी एक अनाथ मुलगी. राखीपौर्णिमेच्या रात्री असुर येतात, तिच्या धाकट्या भावाला पळवून नेतात, ती त्याला शोधायला निघते. डोंबारणीच्या पोरीला एवढ्या प्रेमाने नायिका करणारा भारतीय गेम मी दुसरा पाहिलेला नाही.

पण तिच्या हातात काय दिलंय? दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचं धनुष्य. वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपापसात बोलत असतात. आणि शत्रूंचा स्वामी महाबलासुर. हा म्हणजे आपला बळीराजाच, असा माझा दावा नाही. पण आपल्या घरात दिवाळीच्या पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून वामनाची आणि बळीची गोष्ट उलटी धरून दाखवली, आणि असुर म्हणजे राक्षस या एका समजुतीखाली कुणाकुणाचा इतिहास गाडलाय ते विचारायला शिकवलं. दीडशे वर्षं आपण या शब्दावर वाद घालतोय. 'राजी'मध्ये तो वाद नाहीच. असुर बोलत नाही, तो फक्त धावून येतो. बटण दाबा, तो मरतो, प्रकाश होतो. मी पाडव्याला सकाळी आईचं बळीचं वाक्य ऐकलं आणि दुपारी शे-सव्वाशे असुर मारले. मजा आली, हेही खरं. तेच टोचतं. पुस्तकातली गोष्ट न पटली तर आपण मान हलवून नाही म्हणू शकतो. गेममध्ये मान हलवायला वेळ नसतो, अंगठा आधीच दाबून मोकळा.

नाही म्हणायला हैदराबादच्या ऑगर हेड स्टुडिओचा २०१७ चा 'असुरा' आहे, त्यात खेळणाराच असुर. तो फार लोकांपर्यंत गेला नाही. पुढे येऊ घातलेले भारतीय गेम बघितले तर वारं कुठे आहे ते कळतं. 'राजी'चा पुढचा भाग जाहीर झालाय, नाव 'कलियुग'. अमीश त्रिपाठी आणि अमिताभ बच्चन यांचं नाव जोडलेला 'द एज ऑफ भारत' येतोय. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' आणला, त्याला ते इंडो-फ्युचरिझम म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी आफ्रोफ्युचरिझम मांडला तो गुलामीचा हिशोब काखेत घेऊन, की उद्या आम्ही कुठे असू. आपल्याकडच्या भविष्यात मोर आहे, हत्ती आहे, सिंधू आहे, जातीचा प्रश्न सुटल्याचीही नोंद नाही आणि असल्याचीही नाही. मी या गेमांवर बहिष्कार वगैरे घाला म्हणत नाही. खेळा. फक्त खेळताना एकदा विचारा, समोरून धावत येणारा बोलत का नाही?

चिन्यांचा 'ब्लॅक मिथ: वुकाँग' (ऑगस्ट २०२४) मी पुण्यातल्या एका इंजिनिअर मित्राच्या घरी दोन रविवार बसून खेळलो. तो ज्या जुन्या कादंबरीवर उभा आहे तिचा गाभा म्हणजे बौद्ध ग्रंथ आणायला भारताकडे निघालेला भिक्खू. खरा ह्युएन त्सांग सातव्या शतकात आला, नालंदेत शिकला, पुलकेशीच्या महाराष्ट्रातही फिरला. अजिंठ्याचं म्हणून मानलं जाणारं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे ती माकडाची गोष्ट आपल्या अंगणाकडे चाललेली. बौद्ध म्हणून मी जरा उत्सुकतेनेच बसलो आणि जरा अवघडूनही उठलो. त्यातलं बुद्धत्व ही स्वर्गाने दिलेली पदवी आहे, वुकाँग ती सोडून डोंगरावर परततो तर त्याच्यावर फौज येते. बाबासाहेबांनी दिलेला बुद्ध मार्गदाता, हा तो नव्हे. तिसऱ्या भागात एक खोटा बुद्ध देऊळ थाटून बसलेला आहे, तो मात्र मला फार आवडला, का ते तुम्ही ओळखालच. पण खरी जळजळ वेगळी. त्या लोकांनी शान्शी प्रांतातली खरी देवळं आणि मूर्ती स्कॅन करून गेममध्ये ठेवल्या, आणि गेम खेळून माणसं ती बघायला रांगा लावून गेली. माझ्या घरापासून त्रिरश्मी लेणी पंधरा मिनिटांवर. दोन हजार वर्षांची बौद्ध लेणी. गावात नाव काय? पांडवलेणी. जुन्नरच्या लेण्याद्रीत, कार्ल्याच्या चैत्याच्या दारात काय झालंय ते वेगळं सांगत नाही. उद्या कुणी भारतीय कंपनीने हे डोंगर गेममध्ये घातले तर त्या लेव्हलचं नाव काय असेल, यावर पैज लावायला मी तयार आहे. पैज पैशांची नको, नवा कायदा आहे.

आणि या वर्षीचा हत्ती, 'जीटीए ६'. आधी २०२५, मग २६ मे, आता १९ नोव्हेंबर २०२६. तारीख पुन्हा हलली तर मला बोलू नका. 'व्हाइस सिटी'वर वाढलेली आमची पिढी त्या शहरात परत जायला आतुर आहे, मीही आहे. लुसिया ही नायिका तुरुंगातून सुटून येते, बघू तिला काय करायला लावतात. पण ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी रॉकस्टारने ब्रिटन आणि कॅनडातल्या तिसाहून अधिक कामगारांना काढलं. तिथल्या आयडब्ल्यूजीबी या युनियनचं म्हणणं, ही युनियन मोडायची चाल. कंपनीचं म्हणणं, त्यांनी गोपनीय माहिती बाहेर बोलली. ज्यांच्या नेत्याने १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३८ ला संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबई बंद पाडली, त्यांनी ही बातमी नुसती स्क्रोल करून जाऊ नये. या कंपनीचं एक ऑफिस बंगळुरातही आहे. गेम करणारा हाही कामगार आहे, त्याच्या गळ्यातल्या कार्डामुळे फसू नका. नव्या मोठ्या गेमचे चार-पाच हजार मोजताना मला हे आठवतं. मोजत नाही असं नाही.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाला मी अजून नावाबद्दल पुन्हा काही विचारलेलं नाही. पण जानेवारीत तो स्वतःच आला. "दादा, गेम करता येतो का आपल्याला?" गोडो नावाचं एक मोफत इंजिन आहे. आमच्याकडे एकच कॉम्प्युटर. दर रविवारी तिघं बसतात. हा, याच्या वर्गातला एक, आणि डी.एड. करणारी एक ताई, जिने आयुष्यात गेम खेळलेला नाही आणि म्हणून सगळ्यात नेमके प्रश्न तीच विचारते. विषय पोरांनीच ठरवला, महाड. २० मार्च १९२७. माणूस चालत तळ्यावर जातो आणि पाणी पितो.

पहिलं भांडण दुसऱ्याच रविवारी झालं. ओंजळ भरली, पाणी प्यालं, म्हणजे जिंकलं? ताई म्हणाली, "मग हल्ला कधी?" कारण पाणी पिऊन झाल्यावर, जेवणाच्या वेळेला आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या. तळं शेणाने आणि गोमूत्राने शुद्ध करून घेतलं गेलं. डिसेंबरात पुन्हा जमले तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आलेला. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ मध्ये. "दहा वर्षं कोण खेळेल?" याचा मित्र म्हणाला. ताईचं उत्तर, "दहा वर्षं ते थांबले, तू दहा मिनिटं थांबू शकत नाहीस?"

दुसरं भांडण अजून चालू आहे. पोरांना मारामारी हवी. लाल बटण म्हणजे अटॅक, सगळ्या गेममध्ये असतं. पण महाडला आपले लोक संख्येने होते, चिडलेले होते, आणि बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. मग आपल्या गेममध्ये लाल बटण दाबलं तर काय व्हावं? याचा मित्र म्हणतो, काहीच होऊ नये. ताई म्हणते, मग लोकांना वाटेल बटण खराब आहे. हा म्हणतो, लाल बटणाने आपल्याच माणसाचा उगारलेला हात धरायचा, एकाचा धरला की दुसरा उगारतो, तिकडे धावायचं, सगळ्यांना सांभाळत बंगल्यापर्यंत न्यायचं. मी विचारलं, कुणी पडलं तर? तो म्हणाला, "उठवायचं बटण वेगळं ठेवू. ते कुणालाही दाबता आलं पाहिजे."

सध्या तळं म्हणजे एक निळा चौकोन आहे आणि आमचा माणूस काठावर थांबायचं सोडून पाण्यावरून चालत पलीकडे जातो. तीन रविवार झाले, तो थांबत नाही.